पट्टी बदलली, रंग तोच?

हौशी : माझं म्हणणं साधं आहे. खरी गाडी ज्या रंगाने रंगते, त्याच रंगाने तिची लहान प्रतिकृती रंगवावी. खेळण्यांच्या दुकानातल्या बाटलीवर नुसतं ‘मेटॅलिक रेड’ लिहिलेलं असतं. हे लाल कुठल्या गाडीचं, कुठल्या सालचं, याचा पत्ता नाही. याउलट माझदाच्या ‘सोल रेड क्रिस्टल’ला ४६व्ही असा स्वतःचा कोड आहे. तो रंग एका थराचा नाहीच. खाली प्रकाश परतवणारा थर, त्यावर पारदर्शक लाल आणि त्यावर क्लिअर, असे तिन्ही मिळून ते लाल होतं. असा रंग अंदाजाने कालवून जमत नाही. कोड सांगितला की गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो मोजून मिसळून मिळतो. ब्रिटनमधल्या ‘झीरो पेंट्स’सारख्या कंपन्या तर गाडीच्या कोडाचा रंग एअरब्रशला चालेल इतका पातळ करूनच विकतात. कस्टम रंगांची गोष्ट याच्याही पुढची. कँडी, पर्ल आणि फ्लेक हे रंग गाड्यांवरच नावारूपाला आले. ते हाताशी असताना १:२४ च्या मॉडेलवर त्यांची नक्कल कशाला लावायची?

शंकेखोर : आपल्या भाषेची इथे थोडी अडचण होते. डोळ्याला दिसतो तोही रंग आणि डब्यात असतो तोही रंग. म्हणून डब्यातला रंग तोच असला की दिसणाराही तोच असेल, असं आपण बेधडक धरून चालतो. मॉडेल चोवीसपट लहान केलं, पण डब्यातलं काहीच लहान झालेलं नाही. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा थर असतो. तेवढाच थर मॉडेलवर चढवला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो अडीच मिलिमीटरच्या आसपास जातो. पुट्टीचा गिलावाच म्हणा ना! दार आणि फेंडर यांच्यामधली फट घ्या. खऱ्या गाडीत ती चार मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर ०.१७ मिलिमीटर उरते. फटीच्या दोन्ही भिंतींवर शंभर-शंभर मायक्रॉन बसले की फट बुजली आणि दार कायमचं बंद. आता चमकी पाहू. साध्या मेटॅलिक रंगातला अ‍ॅल्युमिनियमचा कण १० ते ३० मायक्रॉनचा असतो. चोवीसने गुणलं की तो रव्याच्या कणाएवढा होतो. कस्टमवाल्यांचा फ्लेक तर ०.१, ०.२, कधी ०.४ मिलिमीटरचा असतो. त्यातला मोठा कण तुमच्या मॉडेलवर कपाळाच्या टिकलीएवढा झाला. टिकल्या चिकटवलेली गाडी तुम्ही रस्त्यावर कधी पाहिली आहे का?

हौशी : टिकल्यांचं मान्य. मोठा फ्लेक एअरब्रशच्या ०.२-०.३ मिलिमीटरच्या तोंडातून बाहेरच पडत नाही, त्यामुळे तो वाद यंत्रानेच मिटवला. पण बाकीच्या हिशेबात तुम्ही एक गोष्ट सोडलीत. डोळा हा काही मोजपट्टी नाही. आकाशातल्या ताऱ्याचं उदाहरण घ्या. त्याचा आकार नुसत्या डोळ्याला कधीच दिसत नाही. त्याचं तेज दिसतं. तारा मोठा की लहान हे डोळ्याला कळत नाही, फक्त ठळक की मंद एवढं कळतं. वीस मायक्रॉनचा कणही तसाच. त्याची कड कुणालाच दिसत नाही, दिसते ती एक लखलख. खऱ्या गाडीवर ती लखलख असते, माझ्या मॉडेलवरही असते. रव्याएवढा कण तुमच्या गुणाकारात आहे, माझ्या डोळ्यात नाही. जाडीचा प्रश्न हाताच्या कसबाचा आहे. गॅरेजातली गन मोठ्या तोंडाची असते. तिथे बॉनेटभर रंग एका हातात ओला बसावा लागतो. आम्ही वीस-पंचवीस पीएसआयच्या दाबाने, पातळ रंगाचे धुक्यासारखे हात देतो. फटीच्या रेषा आधीच कोरून किंचित खोल करून घेतो. थर जाड होतो तो घाईने, रंगाने नव्हे.

शंकेखोर : ताऱ्यांचं उदाहरण छान आहे, पण ते माझ्याच बाजूला झुकतं. आकाशात तारे किती दिसतात आणि किती विरळ दिसतात, हे तर डोळ्याला कळतं ना? खऱ्या गाडीच्या बॉनेटवर लाखो कण एकमेकांत मिसळून रेशमासारखा सलग झळाळ तयार करतात. मॉडेलचं बॉनेट तळहातापेक्षा लहान. क्षेत्रफळ चोवीसच्या वर्गाने, म्हणजे ५७६ पटीने आटलं. कणांची दाटी तीच ठेवली, तर त्यांची संख्याही तितक्याच पटीने घटली. सलग झळाळाऐवजी आता सुटे सुटे ठिपके उरतात. अंतराचा हिशेबही करू. मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. चोवीसने गुणा: खरी गाडी ७.२ मीटरवरून बघण्यासारखं झालं. चांगल्या नजरेलाही तेवढ्या अंतरावर दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचं फारसं काही सुटं दिसत नाही. तिथून खरी मेटॅलिक गाडी कशी दिसते? कण दिसत नाहीत. वळणावर उजळणारी आणि कडेला काळवंडणारी एक छटा दिसते. मॉडेलकाराने ती छटा पकडायला हवी. त्यासाठी खऱ्या रंगापेक्षा बारीक दळलेला, कदाचित थोडा फिकाही रंग लागेल. मोठ्या माणसाचा सदरा अर्धा कापून मुलाला घातला, तर कापड तेच असतं, पण फुलांची छपाई मुलाच्या अंगावर अवाढव्य दिसते. शिंप्यालाही हे कळतं. तो बारीक फुलांचं कापड निवडतो.

हौशी : शिंप्याचा दाखला घेतलात, तर मी तांब्या-पितळेचा घेतो. पितळेची लोटी आणि पितळेचा हंडा शेजारी शेजारी उन्हात ठेवा. दोन्हींवर सूर्याचा ठिपका पडेल. हंड्यावर मोठा, लोटीवर लहान, आणि दोन्ही ठिकाणी पोटाच्या गोलाईच्या प्रमाणात. बहिर्वक्र आरशाची त्रिज्या चोवीसपट लहान झाली की दूरच्या प्रकाशाचं प्रतिबिंबही चोवीसपट लहान होतं. म्हणजे तकाकी आपोआप स्केलमध्ये येते. क्लिअर कोटचा आरसा कितीही लहान गाडीवर खोटा ठरत नाही, फक्त तो आरशासारखा सपाट हवा. खऱ्या गाडीवर चालून जाणारी, संत्र्याच्या सालीसारखी एक मिलिमीटरची लाट इथे चोवीस मिलिमीटरची टेकडी होते. म्हणून आम्ही वॉटर पेपरने घासून, बारीक होत जाणाऱ्या पॅडने आणि कंपाउंडने ती उतरवतो. या कामात गाड्यांच्या टू-के युरेथेन क्लिअरला तोड नाही. तो नुसता वाळत नाही, हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन पक्का होतो. घासला तरी टिकतो, पॉलिश घेतो. आता कँडीकडे या. कँडी म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी अस्तरावर पारदर्शक रंगाचे हात. प्रकाश रंगातून आत जातो, अस्तरावर आपटतो आणि रंगातूनच परत येतो. या रंगाला कण नाही, दाणा नाही. तुमचा चोवीसचा गुणाकार इथे कशाला लावणार?

शंकेखोर : थराच्या जाडीला लावणार. कँडीचा गडदपणा प्रकाश किती जाडीतून गेला यावर ठरतो, आणि प्रकाशाला स्केल कळत नाही. खऱ्या गाडीवर चार-पाच हातांनी जी गहिराई येते, तीच मॉडेलवर आणायची तर तेवढीच जाडी चढवावी लागेल. म्हणजे पुन्हा फटी बुजल्या. शिवाय आरशाच्या खांबावर, चाकाच्या कमानीच्या कडेवर, दाराच्या मुठीवर फवारे एकमेकांवर पडतात. तिथे कँडी काळपट होते. मोठ्या गाडीवर तो काळपटपणा बोटभर रुंदीचा. इथे तोच बोटभर पट्टा जवळपास अर्ध्या दाराएवढा. जाडी वाचवायची असेल, तर पातळ थरात जास्त रंगद्रव्य घालून तेवढाच प्रकाश शोषून घ्यायला हवा.

हौशी : मग तेच करतो. कँडीचा अर्क स्वतंत्र मिळतो, तो क्लिअरमध्ये दाट मिसळायचा आणि एक-दोन हातांत काम संपवायचं. कडांना आधी नाही, शेवटी हलका स्पर्श द्यायचा.

शंकेखोर : म्हणजे आता तो गाडीचा रंग राहिला नाही. प्रमाण बदललं, थर बदलले, फवारण्याचा क्रम बदलला. तुम्ही म्हणाला होतात, ‘तोच रंग लावावा’. तकाकी स्केलमध्ये येते, हे मी मान्य करतो. पण ती यावी म्हणून तुम्ही खऱ्या गाडीवर असणारी लाट घासून काढलीत. दोन्हीकडे तुम्ही माझंच काम करता आहात. रंग दिसायला खरा व्हावा म्हणून डब्यातल्या खऱ्याला मुरड घालता आहात. आणि प्लास्टिकचं काय? किटचं शरीर पॉलिस्टायरिनचं असतं. गाडीच्या रंगातलं टोल्यूइन, अ‍ॅसिटोन त्याला विरघळवतं. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, बॉनेटच्या घड्या मऊ होतात. गाडीचा रंग पत्र्यासाठी केलेला. त्याला प्लास्टिकवर बसवायला तुम्हाला मध्ये प्रायमरचा बांध घालावा लागतो. जो रंग आपल्या पृष्ठभागालाच खातो, त्याला ‘योग्य रंग’ कसं म्हणायचं?

हौशी : बांध घालावा लागतो, तो घालतो. रंग गाडीवरून उतरून दुसरीकडे जाणं यात नवीन काय आहे? आपल्याकडचे सुतार अजूनही कपाटाला ‘ड्युको’ मारतात. ड्युको मुळात १९२० च्या दशकात गाड्यांसाठी आलेला लॅकर. कपाटाला तो शोभतो का, असं कुणी विचारलं नाही. मॉडेलशी असलेलं नातं तर त्याहून जवळचं आहे. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीच्या नावाचा विस्तारच ‘अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉईज’ असा आहे. १९४० च्या दशकाअखेरीस तिने फोर्डच्या विक्रेत्यांसाठी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची लहान गाडी काढली, आणि तिला फोर्डचाच रंग दिला. पुढे विक्रेत्यांच्या टेबलावरची अशी मॉडेलं गिऱ्हाइकाला रंग दाखवण्यासाठीही वापरली गेली. म्हणजे ज्या लोकांचा पैसा त्या रंगावर लागला होता, त्यांना लहान गाडीवरचा रंग पुरेसा खरा वाटला. प्लास्टिक नंतर आलं. अडचण आली ती प्लास्टिकबरोबर. शिवाय तुम्ही सतत कारखान्याच्या रंगाबद्दल बोलता आहात. माझा जीव कस्टम रंगात आहे, आणि तिथे तुमचा ‘दिसायला खरा’ हा शब्दच डळमळतो.

शंकेखोर : तो कसा?

हौशी : कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात ‘जो बेलन’सारख्या रंगाऱ्यांनी कँडी अ‍ॅपल लाल घडवला, तेव्हा त्याचा कुठलाही कोड नव्हता. अस्तर कुठलं, हात किती, हवा कशी, मनगट कसं, यावर रंग ठरे. तोच रंगारी तीच गाडी पुन्हा रंगवेल, तर ती हुबेहूब तशी होणार नाही. अमेरिकन पत्रकार टॉम वुल्फने १९६३ मध्ये या कस्टम गाड्यांवर लिहिलेल्या लेखाच्या लांबलचक नावातच कँडी आणि फ्लेक आले आहेत. त्या लोकांना गाडीपेक्षा रंगाचीच नशा अधिक. असा रंग ही वस्तू नसते, ती बैठक असते. बंदिश एकच, पण प्रत्येक गवई ती नव्याने मांडतो. त्या रंगाशी इमान राखायचं, तर त्याची छटा उतरवून काय उपयोग? अस्तर घालायचं, पारदर्शक हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर थांबून पाहायचं, एक हात जास्त झाला तर हळहळायचं. आणि बंदिश म्हटली की स्केलचा प्रश्नही सुटतो. गवई काळी एकमध्ये गातो, त्याची शिष्या काळी चारमध्ये गाते. पट्टी बदलली तरी राग तोच, कारण स्वरांमधली अंतरं तीच. मी पट्टी बदलतो, इतकंच.

शंकेखोर : पण शिष्या तानपुराही बदलते! तिच्या पट्टीचा तानपुरा आकाराने लहान, तारा वेगळ्या, जवारी तिच्या आवाजाप्रमाणे काढलेली. तुम्ही पट्टी बदलता आणि गुरुजींचाच भला थोरला तानपुरा मांडीवर घेऊन बसता. फ्लेकमध्ये हेच झालं. कँडीच्या बाबतीत तुम्ही अर्क दाट केलात, म्हणजे तारा बदलल्यात. तिथे मी गप्प बसतो. ‘बैठक’ हा शब्द मला आवडला, पण तो तुम्हालाच महाग पडेल. ती नवी बैठक असेल, तर तुमचं मॉडेल कुठल्याही गाडीची प्रतिकृती उरत नाही. ती एक स्वतंत्र लहान गाडी झाली. कस्टम गाड्या घडवणाऱ्या एड रॉथची ‘बीटनिक बँडिट’ घ्या. ती खरी गाडी, अमेरिकेतल्या रेनो शहरातल्या संग्रहालयात आहे. रेव्हेलने तिचं प्लास्टिकचं किट काढलं. १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्यांतही ती होती. जस्ताच्या मिश्रधातूचा झळझळीत सांगाडा आणि त्यावर पारदर्शक ‘स्पेक्ट्राफ्लेम’ रंग, म्हणजे खिशातली कँडीच. पण ती एका रंगात आली नाही, अनेक रंगांत आली. मूळ गाडीचा रंग उतरवायचा असा त्यांचा विचारच नव्हता. त्यांनी कस्टम रंगाची रीत घेतली आणि नक्कल सोडून दिली. म्हणून ती प्रामाणिक आहे. तुम्हाला मात्र रीतही हवी आणि कोडाचा दाखलाही हवा.

हौशी : हो, दोन्ही हवं. नातू आजोबांसारखा दिसतो आणि तरी स्वतःचा असतो. यात कुठला खोटेपणा? पण तुम्ही हॉट व्हील्सला प्रामाणिक म्हणालात, तिथे मी तुम्हाला धरतो. म्हणजे खरा रंग लहान गाडीवर शोभतो, फक्त तिने कुणाची प्रतिकृती असल्याचा दावा करू नये. मग मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून हटली. तिचं मॉडेल करायचं, तर कुठला काळा घ्याल? कंपनीचा? पण टॅक्सी तर गॅरेजात पुन्हा पुन्हा रंगवली जायची. कोपऱ्यात रंग ओघळलेला, रबराच्या पट्टीवर पिवळा चढलेला, खाली जुना थर फुगलेला. ७.२ मीटरवरून यातलं काही दिसत नाही. तुमच्या नियमाने सपाट काळा आणि सपाट पिवळा पुरे. मला तो ओघळ हवा आहे. तो ओघळ म्हणजे त्या गाडीचं आयुष्य आहे.

शंकेखोर : ओघळ मलाही हवा. पण गॅरेजातला डबा आणून ओतलात, तर जो ओघळ मिळेल तो द्रवाच्या पृष्ठताणाने ठरलेला, खऱ्याच आकाराचा असेल. तुमच्या टॅक्सीवर तो मनगटाएवढा जाड दिसेल. खरा ओघळ मिळवायचा तर तो बारीक कुंचल्याने काढावा लागेल, म्हणजे खोटा करावा लागेल. माझं सगळं म्हणणं या एका ओघळात आहे. आता एक कडू गोष्टही बोलून घेतो. तुमच्या टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने एकदा फुप्फुसाला वावडं निर्माण केलं की दमा जन्मभराचा ठरू शकतो, आणि पुढे थोड्याशा संपर्कानेही उठतो. वास जाणवण्याआधीच ते घातक मात्रेत असू शकतं, म्हणून नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. व्यावसायिक रंगारी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लावून, वेगळ्या खोलीत फवारतात. तुम्ही तो बाल्कनीत, रुमाल बांधून मारणार. सोळा सेंटिमीटरच्या गाडीसाठी?

हौशी : यावर वाद घालणार नाही. तशी व्यवस्था नसेल, तर टू-के मारू नये. मॉडेलसाठी असलेला लॅकर क्लिअर घ्यावा, जास्त हात द्यावेत, वाळायला आठवडे द्यावेत. तोही उघड्या हवेत आणि द्रावकाच्या वाफा अडवणारा मास्क लावूनच. तकाकी थोडी उणी पडेल. ती उणीव सोसावी. बाकी हिशेब असा झाला: फ्लेक मी सोडला, तकाकी तुम्ही सोडलीत, कँडी आपण मधोमध वाटून घेतली. उरला पर्ल. अभ्रकाचे ते कण ना टिकलीएवढे, ना अदृश्य. तिथे काय म्हणता?

शंकेखोर : तिथे मी अडतो, हे खरं. पर्ल हात लांब करून पाहिला तर सलग छटा देतो, जवळ आणला की कण सुटे होतात. म्हणजे प्रश्न आता रंगाचा राहिलाच नाही. मॉडेल कुठून बघायचं, हा प्रश्न आहे. हातभर अंतरावरून ते गाडीचं चित्र असतं. डोळ्याजवळ आणलं की ती एक वस्तू असते, तिच्या स्वतःच्या थरांसकट. मी ३० सेंटिमीटर धरून चाललो, कारण प्रौढ माणूस कपाटापाशी उभा राहून तेवढ्यावरून बघतो.

हौशी : आणि मूल? ते गाडी फरशीवर ठेवतं, स्वतः पालथं पडतं आणि गाल फरशीला टेकवून एका डोळ्याने बघतं. दहा सेंटिमीटरवरून, म्हणजे तुमच्या हिशेबाने जवळजवळ अडीच मीटरवरून, रस्त्यावर उभ्या माणसाच्या अंतरावरून. त्याला गाडी सगळ्यात खरी तिथूनच दिसते.

शंकेखोर : आणि रव्याचे कणही तिथूनच सगळ्यात स्पष्ट दिसतात.

हौशी : दिसतात. पण त्या वयात, ते कण बघायलाच तर आपण गाल टेकवत होतो ना?